हवेने थंड होणारे एंजिन आणि उन्हाळा

तंजावर शहरातून दक्षिणेकडे पट्टुक्कोट्टैला जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे २३ किलोमीटर अंतरावर ओरत्तनाडु हे तालुक्याचे गाव लागते. मराठी वाचकाला या गावाची ओळख निराळ्याच कारणाने असण्याचा संभव आहे. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे मुक्तांबाळ हिच्या नावाने एक मोठे छत्र बांधले. छत्र म्हणजे यात्रेकरूंच्या मुक्कामाची व भोजनाची विनामूल्य सोय असलेली धर्मशाळा. रामेश्वरकडे जाणारे यात्रेकरू या वाटेने जात. पायी किंवा बैलगाडीने चालणारा माणूस पहाटे निघतो, ऊन चढले की सावली गाठतो आणि बैलांना पाणी दाखवतो. थकलेला बैल आपण होऊन थांबतो. एंजिन मात्र थांबत नाही. ते तापते, तरी चालत राहते, आणि थांबते तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो.

आज याच रस्त्यावर मोटारसायकली धावतात. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील शेतकऱ्याला ती हौसेची वस्तू राहिलेली नाही. खताची गोणी, दुधाची किटली, चाऱ्याचा भारा, घरातली माणसे, सर्वांची ने-आण तिच्यावर होते. मेट्टूर धरणाचे पाणी रूढ वेळापत्रकाप्रमाणे १२ जूनला सोडले जाते व २८ जानेवारीला बंद होते. त्यामुळे १९३४ साली सुरू झालेला ग्रँड अनिकट कालवा, ज्याच्यावर ओरत्तनाडूच्या परिसरातील शेती अवलंबून आहे, तो एप्रिल-मे महिन्यांत कोरडा असतो. शेतांतून धूळ उडते. त्यातच मे महिन्यात तमिळ पंचांगातील अग्निनक्षत्राचे सुमारे साडेतीन आठवडे येतात आणि तापमान ३८ अंशांच्या आसपास, कधी ४० अंशांपर्यंत चढते. अशा दिवसांत हवेने थंड होणारे एंजिन तापू नये म्हणून काय करावे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. जाम झालेल्या एंजिनाची दुरुस्ती एखाद्या कुटुंबाची हंगामातील बचत खाऊन टाकते. आणि धावत्या गाडीचे एंजिन अचानक जाम झाले तर मागचे चाक जागच्या जागी अडकते व चालक रस्त्यावर फेकला जातो.

उष्णतेचा जमाखर्च

प्रथम किती उष्णतेचा प्रश्न आहे ते पाहू. ३५० सीसी वर्गातील बुलेट मोटारसायकल उदाहरणादाखल घेऊ. ही मूळची इंग्लंडमधील रॉयल एन्फील्ड कंपनीची गाडी. १९५५ साली मद्रासला तिच्या निर्मितीसाठी एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली व पुढे तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात या गाड्या तयार होऊ लागल्या. तिच्या जुन्या, बिडाच्या सिलिंडरच्या एंजिनाचा व्यास ७० मिलीमीटर व धाव ९० मिलीमीटर. म्हणजे आकारमान ३४६ घनसेंटिमीटर.

ही गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि एका लिटरमध्ये ३५ किलोमीटर जात आहे असे धरू. तासाला सुमारे १.७ लिटर पेट्रोल जळेल. एक लिटर पेट्रोलमधून सुमारे ३२ मेगाजूल उष्णता मिळते. हिशेब केला तर एंजिनात सतत १५ किलोवॅट इतकी उष्णता निर्माण होत असते. यांपैकी जेमतेम पाव भाग चाक फिरवण्याच्या कामी येतो. एक मोठा भाग धुराबरोबर निघून जातो. उरलेली सुमारे साडेचार किलोवॅट उष्णता सिलिंडर, हेड व तेल यांच्यात शिरते आणि ती बाहेर काढल्यावाचून गत्यंतर नसते. दीड किलोवॅटच्या तीन विजेच्या शेगड्या एका मोठ्या तपेलीएवढ्या जागेत कोंबून सतत पेटत्या ठेवल्या, तर जशी स्थिती होईल तशी ही स्थिती आहे.

सिलिंडरमधील जळत्या वायूचे तापमान क्षणभर २००० अंशांच्या वर जाते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते व त्याच्या कितीतरी आधी मऊ पडते. तरीही ॲल्युमिनियमचा दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, वितळत नाही, याचे कारण तो प्रखर ताप क्षणिक असतो आणि धातूत शिरलेली उष्णता लगोलग सिलिंडरच्या भिंतीकडे, तेथून बाहेरच्या पातळ पट्ट्यांकडे व त्यांवरून हवेकडे जात असते. सिलिंडर व हेड यांच्याभोवती एकावर एक रचलेल्या या पट्ट्यांना गॅरेजमध्ये फिन्स म्हणतात. येथे त्यांना पाती म्हटले आहे.

पात्यांचे काम साधे आहे. हवा उष्णता फार मंदपणे उचलते. म्हणून धातू व हवा यांची भेट जितक्या मोठ्या पृष्ठभागावर होईल तितकी चांगली. गरम दूध ताटलीत ओतले की लवकर निवते त्याचेच हे रूप. वर हिशेबात आलेली उष्णता नेताना हवा ३० अंशांनी तापते असे धरले, तर दर सेकंदाला सुमारे १३० लिटर हवा पात्यांच्या फटींतून वाहून जावी लागते. हा आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण एंजिनाच्या थंडाईसंबंधीच्या पुढील बहुतेक गोष्टी या १३० लिटर हवेच्या वाटेत कोण येते एवढ्यावर ठरतात.

पाती किती जाड, किती खोल व किती अंतरावर असावीत याचा शास्त्रशुद्ध अभ्यास मोटारसायकलीसाठी नव्हे, तर विमानांसाठी झाला. पहिल्या विमानांपैकी अनेकांना १९०८-०९ च्या सुमारास फ्रान्समध्ये सेगँ बंधूंनी बनवलेले नोम एंजिन असे. थंड राहण्यासाठी त्याची सगळी सिलिंडरेच गरगर फिरत. हा उपाय मोठा विलक्षण होता, पण फार काळ पुरणारा नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत प्राध्यापक गिब्सन व सॅम्युएल हेरन यांनी स्थिर सिलिंडरांवर पद्धतशीर प्रयोग केले. बिडापेक्षा ॲल्युमिनियमचे हेड श्रेयस्कर, आणि ज्या बाजूने जळालेला वायू बाहेर पडतो त्या झडपेभोवती हवा खेळती हवी, ही तत्त्वे त्या कामातून दृढ झाली. हेरन पुढे अमेरिकेत गेले. १९२७ साली चार्ल्स लिंडबर्गने एकट्याने अटलांटिक महासागर ओलांडला, तेव्हा त्याच्या विमानाचे एंजिन हवेनेच थंड होणारे होते व ते तेहतीस तासांहून अधिक काळ अखंड चालले. बुलेटच्या हेडवरील पाती याच घराण्यातली होत.

ॲल्युमिनियमची मिश्रधातू उष्णता बिडाच्या जवळजवळ तिप्पट वेगाने वाहून नेते. पण तापल्यावर ती बिडाच्या दुप्पट प्रसरण पावते. जुन्या बुलेटमध्ये दट्ट्या ॲल्युमिनियमचा व सिलिंडर बिडाचा. ७० मिलीमीटर व्यासाचा दट्ट्या १०० अंशांनी अधिक तापला की व्यासात सुमारे ०.१५ मिलीमीटर वाढतो. तेवढ्याच तापवाढीत सिलिंडर जेमतेम ०.०८ मिलीमीटर रुंदावतो. दोहोंमधील मूळची फटच मिलीमीटरच्या दहाव्या भागाएवढी. तापमान हाताबाहेर गेले की ही फट संपते, तेलाचा पापुद्रा फाटतो, धातू धातूला घासतो, घर्षणाने आणखी तापतो आणि एंजिन जाम होते. गॅरेजच्या भाषेत ते ‘सीझ’ होते. पुढचे काम सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवण्याचे.

उन्हाचा दोष किती?

उन्हाळ्यात एंजिन तापले की दोष उन्हाला देण्याची रीत आहे. तो दोष खरोखर किती आहे ते मोजून पाहता येते. पात्यांचे तापमान १८० अंश आहे असे धरू. हवा २५ अंशांची असेल तर दोहोंत १५५ अंशांचा फरक; हवा ४० अंशांची असेल तर १४० अंशांचा. उष्णता या फरकाच्या प्रमाणात वाहते. म्हणजे पौषातल्या गार सकाळीपेक्षा मे महिन्याच्या भर दुपारी थंडाई कमी होते ती केवळ दहा टक्क्यांच्या आसपास. गरम हवा विरळ असल्याने आणखी थोडी भर पडते. परंतु विरळ हवेमुळे सिलिंडरमध्ये कमी हवा शिरते, एंजिनाची कमाल ताकदही थोडी घटते व तेवढी उष्णताही कमी निर्माण होते.

आता हवेच्या वेगाचा परिणाम पाहा. वारा दुप्पट वेगाने लागला म्हणजे उष्णता नेण्याची त्याची शक्ती दुप्पट होत नाही; सुमारे दीडपट होते. उलट, ६० किलोमीटरवरून वेग १५ वर आला की ही शक्ती निम्म्याहून खाली येते. उन्हाने केलेली दहा टक्क्यांची तूट आणि मंद गतीने केलेली पन्नास टक्क्यांहून मोठी तूट यांची तुलना केली की खरा शत्रू कोण हे दिसते. चांगल्या स्थितीतील एंजिनाला अग्निनक्षत्राची दुपार सोसते. जे सोसत नाही, त्याच्यात काही ना काही दोष आधीपासून दडलेला असतो आणि हिवाळ्यात तो झाकून राहिलेला असतो.

दमटपणासंबंधीही एक गैरसमज आढळतो. समुद्र जवळ असल्याने या भागात हवा दमट असते, माणसाचा घाम वाळत नाही व तो कासावीस होतो. म्हणून एंजिनही कासावीस होत असावे असे वाटते. पण एंजिनाला घाम येत नाही. माणूस व मातीचा माठ पाण्याच्या बाष्पीभवनाने थंड होतात, एंजिन केवळ वाऱ्याने. दुपारी बारा ते तीन प्रवास टाळावा हा छत्राच्या काळचा शिरस्ता आजही हिताचा आहे, परंतु त्याचा लाभ एंजिनापेक्षा चालकाला अधिक होतो. उष्माघात माणसाला होतो आणि तो प्राणघातक असतो.

ओरत्तनाडूच्या सपाट मुलखात घाट नाही. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर एंजिनाची जशी कसोटी लागते तशी येथे लागत नाही. येथे कसोटी लागते ती दुसऱ्या तीन प्रसंगी. एक, बाजाराच्या दिवशी बसस्थानकाजवळच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटताना. दोन, कालव्याच्या काठच्या मऊ मातीच्या वाटेवर दोन गोण्या लादून जाताना. येथे एंजिन जोरात फिरते, पेट्रोल भरपूर जळते आणि वारा मात्र सायकलीएवढाच लागतो. हा प्रसंग तिन्हींत सर्वांत वाईट. तीन, वारा पाठीमागून असताना. गाडी ४० किलोमीटरने चालली आहे आणि वाराही त्याच दिशेने २० किलोमीटरने वाहतो आहे, तर एंजिनाच्या वाट्याला केवळ २० किलोमीटरचा वारा येतो. चालकाला अशा वेळी वारा पडल्यासारखे वाटते. तेच एंजिनाच्या बाबतीतही खरे असते.

मग वेग वाढवला की झाले, असेही नाही. ताशी ६० वरून ८० वर जाताना हवेचा अडथळा कापण्यास लागणारी शक्ती सव्वादोन पटींहून अधिक होते. थंडाई मात्र सुमारे एक पंचमांशानेच वाढते. जमेपेक्षा खर्च अधिक. म्हणून जुन्या ३५० सीसी गाडीला उन्हाळ्यात मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेग, वरचा गिअर व अर्ध्याहून कमी उघडलेला थ्रॉटल हेच मानवते. मात्र कमी वेगात वरचा गिअर रेटून एंजिनाला धापा टाकायला लावणे, ही पेट्रोल वाचवण्याची युक्ती म्हणून पुष्कळ जण करतात, ती खोटी बचत होय. त्या स्थितीत ज्वलनाचा दाब दट्ट्यावर अधिक वेळ राहतो आणि एंजिनाला ठोके येऊ लागतात.

तपासणीची जागा

एंजिन नेहमीपेक्षा अधिक तापत असेल तर कारागिराने व मालकाने कोठे पाहावे? प्रथम पाती पाहावीत. हा उपाय फुकटचा आहे आणि म्हणूनच उपेक्षित राहतो. धूळ व गळके तेल यांचा थर पात्यांच्या बुडाशी, जेथे उष्णता सर्वांत अधिक असते तेथे, साचतो. हा थर उष्णतेला घोंगडीसारखा अडवतो. सुगीच्या दिवसांत या भागातील रस्त्यांवर भात वाळत घातलेले असते, पेंढा पसरलेला असतो. त्याचा भुसा तेलकट फटींत जाऊन बसतो. तापलेल्या एक्झॉस्टपाशी वाळका पेंढा अडकणे हे तर आगीलाच आमंत्रण.

पाती स्वच्छ करताना एंजिन पूर्ण थंड असावे. रॉकेलमध्ये भिजवलेला ताठ ब्रश, नंतर साबणाचे पाणी व शेवटी साधे पाणी एवढे पुरे. मात्र गाडी पूर्ण वाळून रॉकेलचा वास जाईपर्यंत ती सुरू करू नये. पात्यांना जाड चकचकीत रंग देऊ नये. रंगाचा जाड थर हाही एक प्रकारचा मळच. काळा रंग पातळ दिला असेल तर हरकत नाही.

दुसरी गोष्ट एंजिनासमोरच्या आडोशाची. पावसाळ्यात पायांवर चिखल उडू नये म्हणून लेगगार्डला रेक्झिनचा पडदा लावतात. पावसाळा संपतो, पण पडदा राहतो. कोणी त्याच लेगगार्डला पिशवी अडकवतो, कोणी पाण्याचा कॅन. एंजिनाला लागणारी दर सेकंदाची १३० लिटर हवा त्या पडद्याला आपटून बाजूने निघून जाते. पडदा काढला, एवढ्यानेच बरे झालेले एंजिन ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे.

स्कूटरची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. पुण्याजवळ आकुर्डीला १९७२ पासून तयार झालेली जुनी बजाज चेतक घ्या. तिचे एंजिन मागच्या बाजूला, पत्र्याआड दडलेले. तेथे समोरचा वारा पोचतच नाही. म्हणून फ्लायव्हीलवरच पंखा बसवलेला असतो व एक पत्र्याचे आवरण त्याची हवा सिलिंडरवर नेऊन सोडते. एंजिन चालू आहे तोवर हा पंखा फिरतो, मग गाडी उभी का असेना. हे आवरण काढून टाकले तर सिलिंडर उघडा पडून अधिक थंड राहील असे वाटणे साहजिक आहे आणि तसे करणारे कारागीर भेटतात. परिणाम उलटा होतो: पंख्याची हवा चहूकडे फाकते व सिलिंडर करपतो. मोटारसायकलीला उघडेपणा हवा, स्कूटरला झाकण.

पाती व वाट मोकळी असूनही एंजिन तापत असेल तर उष्णता जाण्याची नव्हे, निर्माण होण्याची बाजू तपासावी लागते. येथे सर्वांत मोठा अपराधी म्हणजे इंधन कमी पडलेले मिश्रण. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. एंजिन पूर्ण ताकदीने चालत असताना पेट्रोलचे प्रमाण याहून थोडे अधिक असावे लागते. ते जादा पेट्रोल बाष्प होताना व अर्धवट जळताना ज्वाळेचा ताप उतरवते. कार्ब्युरेटर व हेड यांच्यामधील जोड सैल झाला, त्यातील रबर भेगाळले किंवा जेटमध्ये कचरा अडकला, की मिश्रणात पेट्रोल कमी पडते. गाडी थोडी हलकी धावते, मायलेज वाढल्यासारखे वाटते आणि मालक खूष होतो. प्लग काढून पाहिला तर त्याचे टोक फिकट बदामी असण्याऐवजी पांढरे पडलेले दिसते. उन्हाळ्यात हवा तापल्यामुळे मिश्रण आपोआप असे विरळ होते हा समज मात्र खरा नाही. तापलेली हवा विरळ असल्याने साध्या कार्ब्युरेटरमध्ये उलट पेट्रोलचेच प्रमाण किंचित वाढते. म्हणून उन्हाळा आला म्हणून जेट बदलण्याची गरज नाही.

पेट्रोल मात्र बदलले आहे. भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत जाऊन २०२५ साली २० टक्क्यांपर्यंत पोचले. इथेनॉलमध्ये स्वतःचाच प्राणवायू असतो. त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरच्या दृष्टीने हेच मिश्रण पूर्वीपेक्षा विरळ ठरते. इथेनॉल बाष्प होताना अधिक उष्णता शोषून घेते, हा त्याचा गुण काही अंशी भरपाई करतो. तरी जुन्या गाडीच्या प्लगचा रंग पांढरट येऊ लागला असेल तर एक माप मोठा जेट घालून पाहणे योग्य. इंधन-इंजेक्शन असलेल्या नव्या गाड्यांपैकी ज्यांच्या एक्झॉस्टमध्ये प्राणवायू मोजणारे यंत्र असते, त्या हा फरक बऱ्याच अंशी स्वतःच भरून काढतात.

ठिणगीची वेळ हा दुसरा अपराधी. ठिणगी फार लवकर पडली तर दट्ट्या वर येत असतानाच दाब भडकतो, खड्‌खड् असा धातूचा आवाज येतो आणि सिलिंडरच्या भिंतीला चिकटून असलेला तुलनेने थंड वायूचा पातळ थर उधळला जातो. भिंतीत उष्णता एकदम घुसते. ठिणगी उशिरा पडली तर आवाज येत नाही, म्हणून हा दोष लपून राहतो. परंतु ज्वलन लांबते, वायू जळत जळतच बाहेर पडतो आणि एक्झॉस्टची झडप व नळी भाजून निघतात. नळीचे मूळ निळे-जांभळे पडले असेल तर ही शंका घ्यावी. जुन्या गाड्यांत पॉइंट झिजले की वेळ हळूहळू सरकते. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर, ती जुळवून घेणे शहाणपणाचे.

तेलासंबंधी पुष्कळ लिहिता येईल, पण मुद्दा एकच आहे. तेल हे वंगण असते तसेच उष्णता वाहून नेणारेही असते. जुन्या बुलेटमध्ये तेलाचा साठा क्रँककेसच्याच एका कप्प्यात असतो व पंप ते वर झडपांकडे पोचवतो. पातळी निम्मी झाली तर उरलेल्या तेलाला दुप्पट फेऱ्या माराव्या लागतात. त्याला निवायला उसंत मिळत नाही, ते पातळ होते, काळे पडते. निर्मात्याने सांगितलेल्या दर्जाचे, या हवामानात सामान्यतः २०डब्ल्यू-५० जातीचे, तेल वेळेवर बदलणे हे कोणत्याही ‘थंडाईच्या’ बाटलीबंद मिश्रणापेक्षा अधिक उपयोगी.

दोन फटक्यांच्या, म्हणजे टू-स्ट्रोक, एंजिनांची तऱ्हा निराळी आहे. म्हैसूरला तयार होणाऱ्या येझदीचे उत्पादन १९९६ साली थांबले, राजदूतही इतिहासजमा झाली. तरी जिवापाड सांभाळलेल्या अशा गाड्या अजून दिसतात. त्यांत वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. उन्हाळ्यात जाम होऊ नये म्हणून कित्येक जण त्यात तेल दीडपट घालतात. हेतू चांगला, परिणाम संशयास्पद. जितके तेल अधिक तितके त्याच थेंबातील पेट्रोल कमी. म्हणजे मिश्रण विरळ होऊन एंजिन अधिक तापू शकते, शिवाय हेडवर व एक्झॉस्टच्या तोंडाशी कोळसा साचतो. सांगितलेले प्रमाण पाळावे आणि साचलेला कोळसा वेळच्या वेळी खरवडावा.

याखेरीज घासणारे ब्रेक, ताणलेली साखळी, घसरणारा क्लच, कमी हवेची चाके ही सारी मंडळी एंजिनावर गुपचूप ओझे टाकतात. उभ्या गाडीचे मागचे चाक हाताने फिरवून पाहिले तर यांपैकी निम्मी चोरी तेथेच पकडली जाते.

वाटेत एंजिन तापले तर

तापलेले एंजिन सूचना देते. थ्रॉटल तितकाच असून वेग हळूहळू उतरतो. करपलेल्या तेलाचा वास येतो. चढत्या ओझ्याखाली ठोके ऐकू येतात. किल्ली बंद केल्यावरही एंजिन दोन-चार गचके खात राहते. अशा वेळी रस्ता मोकळा असेल तर जागच्या जागी थांबण्यापेक्षा थ्रॉटल कमी करून एक-दोन किलोमीटर सावकाश जाणे बरे. थोडे काम आणि थोडा वारा यांनी एंजिन समतोलाने निवते. एकदम थांबवले तर वारा बंद होतो, पण आतल्या धातूतील उष्णता बाहेर येतच राहते. प्लग व कार्ब्युरेटर यांचे तापमान काही मिनिटे उलट वाढते आणि पेट्रोलचे बाष्प होऊन गाडी पुन्हा सुरू होण्यास त्रास देते. गर्दीत अडकल्यास मात्र एंजिन बंद करणेच इष्ट.

धावत्या गाडीचे एंजिन आवळल्यासारखे, कोणी मागून ओढल्यासारखे वाटले, तर त्याच क्षणी क्लच दाबावा. विचार करण्यास वेळ नसतो. टू-स्ट्रोक गाडी चालवणारे जुने चालक मोकळ्या रस्त्यावर डाव्या हाताची दोन बोटे सदैव क्लचवर ठेवीत, ते याचसाठी. क्लच दाबला की चाक मोकळे होते व गाडी सरळ राहते. एंजिनाचे काय व्हायचे ते होवो, माणूस वाचतो.

मग सावली शोधावी, गाडीचे तोंड वाऱ्याकडे करावे आणि वीस मिनिटे तरी वाट पाहावी. पाणी प्यावे, पण एंजिनावर ओतू नये. तापलेल्या बिडावर थंड पाणी पडले की बाहेरचा थर आक्रसतो, आतला तसाच राहतो, आणि बीड ठिसूळ असल्याने पात्याला किंवा हेडच्या बसणीला तडा जातो. सिलिंडरभोवती ओले गोणपाट गुंडाळण्याची पद्धतही सोडून द्यावी; ते गोणपाट काही मिनिटांत वाळते आणि पुढे वाऱ्यालाच अडवते. एंजिन हाताला सोसवेल इतके निवल्यावर तेल तपासावे, कमी असेल तर भरावे, किक हाताने हळू दाबून दट्ट्या मोकळा फिरतो का पाहावे. तो अडखळत असेल तर किकवर जोर करू नये. गाडी टेम्पोत घालून नेणे स्वस्त पडते.

१२ जूननंतर कालव्यांना पाणी आले की कुरुवै भाताच्या लावणीची लगबग सुरू होते. धुळीची जागा चिखल घेतो. नांगरटीच्या वाटेवरून उडालेला हा गाळ तापलेल्या पात्यांवर बसतो, तासाभरात वाळून मडक्याच्या खापरीसारखा घट्ट होतो, आणि उन्हाळ्यात धूळ झाडून स्वच्छ केलेल्या फटी पुन्हा बुजतात. हा गाळ ओला असतानाच, पण एंजिन थंड झाल्यावर, पाण्याच्या साध्या धारेने निघतो; वाळल्यावर लाकडी काडीने एकेक फट कोरावी लागते. पात्यांची टोके मोडू नयेत म्हणून लोखंडी स्क्रूड्रायव्हर त्या कामी वापरू नये.